अक्का, गहू आणि दोन यंत्रं

"हळू फिरव की रे मुडद्या! पीठ हाय ते, उसाचं कांडं न्हाई!"

अक्का, तू असं ओरडलीस आणि समोरच्या घरातल्या बाई पदर खोचून गॅलरीत आल्या. त्यांना वाटलं, भावाबहिणीच्या वाटणीचं भांडण निघालं. निघालं होतं ते निराळंच. लातूरच्या तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला आवळलेल्या पास्त्याच्या यंत्राचा दांडा मी फिरवत होतो, तू वरून ज्वारीच्या पिठाची पट्टी सोडत होतीस, आणि खालून जे पडत होतं त्याला पास्ता म्हणायचं, तर भिंतीच्या पोपड्यांनाही म्हणावं लागलं असतं. मी जोर वाढवला की पोपडे वाढायचे. कमी केला की तू म्हणायचीस, "आता झोपलास का?" दाजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी परातीत पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"चिवडा झालाय," म्हणाले, आणि पेपर वाचायला निघून गेले.

तू आधी चिडलीस, मग हसलीस, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावलास. मी ते बघितलंच न्हाई असं दाखवलं. आपल्या घरची ती रीतच आहे. रडणाऱ्याकडं बघायचं न्हाई, त्याच्या हातातलं काम आपण घ्यायचं. मी उरलेलं पीठ मळायला घेतलं आणि होतं नव्हतं तेही बिघडवून ठेवलं.

तू गेल्यापासून तुझ्या घरी माणसांची रीघ लागलीय. येतात, बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, "मंगलाबाई म्हंजे गाय हो, निव्वळ गाय." मी मान हलवतो. पण अक्का, तू गाय असशील तर त्या गायीची शिंगं अशी होती की एक लातूरच्या बाजारात आणि दुसरं औशाच्या वेशीत. मला लहानपणी तू जितकं बदडलंस तितकं तर गुरुजींनीही बदडलं न्हाई. आणि मला कुणी दुसऱ्यानं हात लावला की त्याचं घर शोधत जायचीस. हे त्या पाणी पिणाऱ्यांना सांगायचं कसं? म्हणून तुलाच सांगतोय.

तुझ्या शेवयांचं मात्र मी काही वाढवून सांगत न्हाई. म्हणजे दुकानात सांगतो तेव्हा वाढवतो, इथं न्हाई. उन्हाळा लागला की तुझ्या गच्चीवर बाजा उलट्या पडायच्या, आणि त्यांच्यावर शेवया अशा लोंबायच्या की वारासुद्धा वाट वाकडी करून जायचा. एक शेवई मी स्वतः सुईत ओवून बघितलीय. ओवली गेली. त्याच शेवईनं तू माझ्या सदऱ्याचं बटण लावलंस, असं मी नांदेडला गिऱ्हाइकांना सांगायचो, आणि त्यांतले निम्मे विश्वास ठेवायचे. भांड्याच्या दुकानदारानं खोटं बोलू नये असं ज्यानं कुणी सांगितलं, त्याला कधी पितळेची घागर खपवावी लागली नसणार.

आणि अशा बाईला डॉक्टरनं गहू बंद केला.

ते वर्ष आठवतं का? तू वाळत चालली होतीस. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. जेवलीस की पोट धरून बसायचीस, आणि लोकं म्हणायची, वयच हाय आता. शेवटी मी तुला ओढत नांदेडला आणलं. पोटात दुर्बीण घातली, रक्त काढलं, आणि तो तरुण डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, गव्हात एक चिकटपणा असतो, ग्लुटेन म्हणतात त्याला. तुमचं आतडं त्याला वैरी समजतं. चपाती न्हाई, रवा न्हाई, मैदा न्हाई. कणभरसुद्धा न्हाई. आणि कायमचं."

तू विचारलंस, "शेवया?"

"त्याबी न्हाई."

तू दवाखान्यात रडली न्हाईस, गाडीत बसतानाही न्हाई. एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, मी तुझ्यासाठी चहा आणला, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "शिवू, जल्मभर मी गव्हाला मळलं, ओढलं, बाजंवर उलटं टांगून वाळवलं. सूड घेतला बघ त्यानं." मी एवढ्या मोठ्यानं हसलो की कंडक्टरनं शिट्टी मारली. आतून मात्र मला वाटलं, हा डॉक्टर परत भेटला तर त्याच्या डोक्यावर परात घालावी.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या गव्हाचं पीठ घेऊन तुझ्या गच्चीवर आल्या. तू लांब खुर्चीत बसलीस, नाकाला पदर लावून, आणि तिथून हुकूम सोडत राहिलीस. "पीठ सैल झालं." "ओढ की, लाजतीस कशाला?" खाली आल्यावर मला फोन केलास आणि नुसतं म्हणालीस, "शेवया बऱ्या जमल्यात त्यांना. जाड हायत जरा." त्या एका वाक्यावर मला दिवसभर जेवण गेलं न्हाई.

तेव्हा मला ती यंत्रं आठवली. एका एजंटानं माझ्या दुकानात पास्त्याची दोन यंत्रं ठेवली होती. चकचकीत, दोन लाटण्यांसारखे रूळ, फिरवायला दांडा, टेबलाला आवळायला स्क्रू. नांदेडात ती खपावीत म्हणून मी काय काय सांगितलं न्हाई! हे पापड लाटतं म्हणालो, कपडे पिळतं म्हणालो, एकाला तर म्हणालो की ह्यात हात घातला तर हस्तरेषा सरळ होतात. कुणी घेतलं न्हाई. त्यांतलं एक उचललं आणि लातूरला तुझ्यापुढं ठेवलं.

"हे काय आणलास?"

"पास्ता काढायचं यंत्र. शेवयांची इटलीतली मावसबहीण. तिकडं म्हणं सासू मुलगी बघायला गेली की आधी हे फिरवून घेती."

"तिकडची मुलगी इकडं आणलास तर तीबी फिरवील," म्हणालीस, पण दांडा मात्र हळूच फिरवून बघितलास. रूळ गरकन फिरले. तुझा चेहरा कित्येक महिन्यांनी तसा झालेला मी पाहिला. हाताला काम दिसलं की व्हायचा तसा.

आणि इथंच आपण ती चूक केली. नवी वस्तू घरात आली की आधी देवाची. तू यंत्राला विभूतीचे पट्टे ओढलेस, हार घातलास, आणि पहिला घास देवाला म्हणून सुनेकडून कणकेची एक लोई मळून घेतलीस. देवाला काय ज्वारी द्यायची? नैवेद्य गव्हाचाच. ती लोई यंत्रातून झकास निघाली, उकडून देवाला दाखवली, दाजींनी प्रसाद म्हणून खाल्ली, आणि मग आपण यंत्र कोरड्या फडक्यानं पुसून तुझं ज्वारीचं पीठ त्यात घातलं. तोच तो चिवडा. तो चिवडाही तू वाया जाऊ दिला न्हाईस. उकळून, तेल-मीठ टाकून खाल्लास. दुसऱ्या दिवशी पोट धरून आडवी.

तुझी सून पल्लवी, तिला मी आजवर फार मोजलं न्हाई, पण त्या दिवशी तिनं यंत्र उलटं करून टेबलावर आपटलं. रुळांच्या फटीतून वाळलेल्या कणकेचे कण पडले. "हे बघा," म्हणाली. "आणि ह्याला धुता येत न्हाई, पाणी लागलं की गंजतं." देवाला पहिला घास दिला म्हणून भक्तीण आजारी पडली, असं उदाहरण अख्ख्या मराठवाड्यात दुसरं सापडायचं न्हाई. मी पहिलं यंत्र माझ्या घरी नेलं आणि दुकानातलं दुसरं तुला आणून दिलं. त्याला तू नैवेद्य दाखवला न्हाईस. "ह्याला देव नुसता बघील," म्हणालीस.

पीठ मात्र जमेना. ज्वारीला चिकटपणाच न्हाई. भाकरी थापायची ती हातावर, तिला ओढायचं कुणाच्या स्वप्नात आलं होतं? मी तांदळाचं पीठ मिसळून बघितलं. पट्टी निघाली आणि उचलली की मधोमध तुटली. तू मक्याचं मिसळलंस. तिची वाळू झाली. पल्लवीनं फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला गोरा माणूस पिठाचं आळं करून त्यात अंडी फोडायला लागला. तू फोन पालथा घातलास.

"आता म्हाताऱ्या वयात अंडं दाखवायलीस व्हय मला?"

"अहो आत्या, नुसतं बघा, कृती कळंल."

"बघितलं की वास येतो."

पण त्याच व्हिडिओत पुढं कुणीतरी इसबगोल घालायला सांगितलं होतं. अंड्याऐवजी तेही धरून ठेवतं म्हणे. इसबगोल घरात कुठं होता? दाजींच्या उशाशी. बरणीभर. वर्षानुवर्षं पोट साफ व्हावं म्हणून रोज घेतात ते. पल्लवीनं बरणी उचलली तसे दाजी पेपर खाली न करता म्हणाले, "माझं औषध हाय ते."

"आता माझंबी हाय," तू म्हणालीस.

इसबगोलानं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं तुला कुरडयांवरनं सुचलं. कुरडईचा चीक शिजवतो तसा साबुदाण्याचा चीक शिजवलास, तो गरम असतानाच उकळत्या पाण्यात उकडलेल्या ज्वारीच्या पिठात ओतलास, तेलाचा हात लावून मळलंस, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलंस. मी मळताना मध्येच हात घातला तर हातावर चापट मारलीस. मग यंत्राच्या बाजूच्या चकतीवरचा सगळ्यात जाड आकडा लावून पट्टी घातलीस, घडी घालून परत घातलीस, मग जरा बारीक. "अजून बारीक कर," मी म्हणालो. "गव्हाचं न्हाई हे," तू म्हणालीस. "ह्याचा जेवढा जीव, तेवढंच ताणायचं."

पट्टी सलग आली, अक्का. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जरा करडी, ज्वारीच्या रंगाची. तू ती दोन्ही हातांवर घेऊन अशी उभी राहिलीस, जशी पैठणीच हातावर घेतलीय. ती सुरीनं कापून आपण रुंद पट्ट्या केल्या, पाण्यात सोडल्या, आणि इटलीच्या माणसाला चक्कर येईल असं केलं. लसणाची फोडणी, टोमॅटो, वर तुझी शेंगदाण्याची चटणी. दाजींपुढं ताट ठेवलं. ते जेवले.

"कसं झालंय?" तू विचारलंस.

"वाढ अजून," म्हणाले. तुझ्या लग्नापासूनचं त्यांचं सगळ्यात लांबलचक कौतुक ते.

लोकांना वाटेल, इथं गोष्ट संपली. पण घरात पीठ जमलं म्हणून बाहेरचं जग जमत न्हाई. आपल्याकडं पंगतीत माणसाला खाऊ घालतात ते जवळजवळ त्याच्या छातीवर बसून. डॉक्टरनं बंद केलंय म्हटलं की हमखास उत्तर, "एकानं काय हुतंय?" अहमदपूरला एका बारशाला तू भिडेपोटी पुरी खाल्लीस आणि आठवडाभर अंथरूण धरलंस. त्यानंतर तू जायचंच सोडलंस. लग्न न्हाई, डोहाळजेवण न्हाई, मुंज न्हाई. पत्रिका आली की दाजींच्या हातात द्यायचीस, "तुम्ही जाऊन या." ज्या बाईच्या आवाजानं मांडवाचे खांब उभे राहायचे ती घरात बसून टीव्हीवरच्या लोकांशी भांडायला लागली. आजार तुझ्या पोटात होता तोवर मला एवढं भ्या वाटलं नव्हतं. तो तुझ्या दारापर्यंत आला तेव्हा वाटलं.

म्हणून निलंग्याच्या लग्नाला मी तुला जवळजवळ उचलून नेलं. डब्यात तुझा पास्ता घेतला. पंगतीत बसलो. आणि झालंच. निलंग्याच्या काकू, आपल्या वडिलांच्या चुलतभावाच्या बायको, बालुशाहीचं ताट घेऊन तुझ्यापुढं वाकल्या. त्यांच्या आग्रहापुढं अजून कुणी टिकलेलं न्हाई; एका जावयानं त्यांच्या भीतीनं बदली मागून घेतली असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

"घे गं मंगल."

"काकू, मला चालत न्हाई. गहू बंद हाय."

"गहू कुठं हाय ह्यात, मैदा हाय."

"मैदा म्हंजे गहूच की, काकू."

"एकानं काय हुतंय? माझ्या नातीचं लगीन हाय. तू न्हाई म्हणायलीस म्हंजे मला काय वाटंल?"

तुझा हात मी पाहिला. तो ताटाकडं निघाला होता. भिडेचा हात तो. मला पुढचा आठवडा दिसला, तुझं अंथरूण दिसलं, आणि माझ्या तोंडानं माझ्या आधी काम केलं.

"काकू, पापाची धनीण होऊ नका," मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की वाजंत्रीवाले थांबले. "अक्कानं श्रीशैलाला मल्लिकार्जुनापुढं गहू सोडलाय. जल्मभरासाठी."

काकूंचं ताट हवेत थांबलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तुझ्या पायांना स्पर्श केला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं न्हाईस का आधी?"

क्षेत्राला गेलं की आवडतं काहीतरी सोडून यायचं, हे आपल्याकडं लहान लेकरालाही कळतं. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. आपल्या थोरल्या काकांनी कारलं सोडलं होतं, जे त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. पण त्यांनाही कुणी कधी कारलं वाढलं न्हाई. आजाराला कुणी भीत न्हाई, सोडलेल्याला भितात. डॉक्टरच्या सांगण्यानं जे वर्षभरात झालं न्हाई ते माझ्या एका वाक्यानं बालुशाही गार व्हायच्या आत झालं. काकूंनी आचाऱ्याला दरडावून विचारलं, हिंगात मैदा असतो का? असतो म्हणाला. तुझ्यासाठी बिनहिंगाची भाजी वेगळ्या पातेल्यात झाली, वेगळ्या पळीनं वाढली. तुझा डबा उघडला. शेजारच्या बायकांनी तुझ्या डब्यातला पास्ता एकेक तुकडा प्रसादासारखा मागून घेतला, आणि तू त्यांच्या रांगेत बसून पोटभर जेवलीस.

आणि परतीच्या गाडीत माझी सालटी काढलीस.

"देवाच्या नावानं खोटं बोललास."

"खोटं कुठं? तू गहू खातीस का? न्हाई. तू श्रीशैलाला गेलतीस का? लग्न झाल्यावर गेलतीस. दोन्ही खरंच. मी नुसतं दोन खऱ्यांचं लगीन लावलं."

"शिवू, सोडणं म्हंजे आपल्या हातानं सोडणं. माझ्या हातातनं हिसकावून घेतलाय तो. त्याला सोडणं म्हणत न्हाईत. परत घे."

"परत घेतलं तर बालुशाही खावी लागंल."

"परत घे म्हणते न्हवं!"

मी घेतलं न्हाई. खरं सांगतो, आजही घेतलं नसतं. ते वाक्य माझ्यापेक्षा वेगानं धावलं. तू पुढच्या लग्नाला गेलीस तेव्हा तुझ्यासाठी पाट वेगळा, पातेलं वेगळं, आणि वर वाढपी लांबून वाकून चाललेले. उदगीरच्या एका बाईनं तुझ्यासाठी गिरणी आधी झाडून, वर ज्वारीवरच ज्वारी दळून आणली. कुणाच्या तरी डोहाळजेवणात तुझा पास्ता 'अक्कांच्या व्रताच्या शेवया' म्हणून मुद्दाम करून मागवला, आणि तू दुसरं यंत्र पिशवीत घालून गेलीस, तिथल्या सगळ्या बायकांना दांडा फिरवायला लावलास, आणि त्यांच्यावर ओरडलीस. पल्लवीनं त्याचा फोटो पाठवला होता. तुझं तोंड उघडं, एक हात वर. फोटोतूनही आवाज येत होता.

पण मला फोन केलास की शेवट तोच. "बायका पाया पडायल्यात रे माझ्या. एक म्हणली, आशीर्वाद द्या, पोराला नोकरी लागू दे. मला नुसती पोटदुखी हाय, मी काय आशीर्वाद देऊ? परत घे तुझं ते." मी म्हणायचो, "दिलास का आशीर्वाद?" तू म्हणायचीस, "दिला." मी म्हणायचो, "लागली का नोकरी?" तू चिडून म्हणायचीस, "लागली. पर त्याचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई."

शेवटच्या फोनवरही आपण ह्याच्यावरच भांडलो. तुझा आवाज खोल गेला होता. मी तुला हसवायचं म्हणून सांगितलं की नांदेडला दुकानात दोन माणसं आली, त्यांना व्रताचं यंत्र पाहिजे म्हणं, आणि आता मला इटलीहून मागवावं लागंल. तू हसलीस. मग म्हणालीस, "परत घेणार न्हाईस न्हवं तू?" मी म्हणालो, "न्हाई." तू म्हणालीस, "बरं." तुझं ते "बरं" मला तेव्हा हरल्यासारखं वाटलं. मी फोन ठेवताना खूश होतो. तुझ्याशी भांडून मी जिंकल्याची माझ्या आयुष्यात दुसरी वेळ न्हाई, आणि ही एक मिळाली तर त्याचा आनंदच हातात राहिना.

तुला एक विचारायचं राहिलं, अक्का. तुला गहू आठवायचा का? मी इतकी बडबड केली, यंत्र आणलं, पीठ मळलं, अख्ख्या पंगती फिरवल्या, पण हे साधं विचारलं न्हाई. गच्चीवर बायका शेवया घालायच्या तेव्हा नाकाला लावलेल्या पदराआडून तू तो वास घ्यायचीस का टाळायचीस? मला वाटायचं, विचारलं तर तुझ्या डोळ्याला परत पदर लागंल आणि माझ्या हातात मळायला काही नसंल.

परवा तुझ्या दिवसांचं जेवण झालं, गणाराधना. जंगम स्वामी येऊन गेले, घर माणसांनी भरलं. मांडवात गव्हाच्या शेवयांची खीर शिजत होती, गल्लीतल्या त्याच बायकांनी घातलेल्या शेवया. तुझ्या फोटोपुढं ताट ठेवायचं होतं. पल्लवीनं सकाळी उठून दुसऱ्या यंत्रावर तुझा ज्वारीचा पास्ता केला होता, तू शिकवला होतास तसाच, पट्टी न तुटता. तिनं तो ताटात वाढला. मी स्वयंपाकघरात गेलो, खिरीची वाटी भरली, वर तूप सोडलं, आणि फोटोकडं निघालो. म्हटलं, आता कुठलं आतडं आणि कुठला वैरी. आता तरी खाऊ दे तिला.

निलंग्याच्या काकूंनी माझं मनगट धरलं.

"अरे शिवलिंगा, येडा झालास काय? गहू सोडलाय न्हवं तिनं! मेल्यावर व्रत मोडतोस तिचं?"

मी म्हणालो, "काकू, सोडा मनगट."

"न्हाई सोडत."

मग मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. म्हटलं, व्रत नव्हतं. श्रीशैलाला काही सोडलं नव्हतं. तुमच्या बालुशाहीतनं तिला सोडवायला मी तिथल्या तिथं रचलं. तिला नुसता आजार होता, आणि तुम्ही आजाराला मानत न्हाई म्हणून मी देव मध्ये घातला. माझी बहीण आयुष्यभर शेवया घालत आली, शेवटची वर्षं तिच्या तोंडात एक शेवई गेली न्हाई, आणि आज ह्या एका वाटीसाठी मला कुणी अडवलं तर मी मांडव उतरवीन.

काकूंनी माझं मनगट सोडलं न्हाई, पण त्यांची पकड ढिली झाली. त्या दाजींकडं बघायला लागल्या. सगळेच दाजींकडं बघायला लागले. दाजी फोटोजवळ खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"सोडला हुता तिनं," म्हणाले.

"दाजी, मीच तर..."

"तू बोललास ते खोटंच हुतं. ते निलंग्याचं लगीन झाल्यावर दुसऱ्या महिन्यात आम्ही गेलो श्रीशैलाला. तिनं घरनं ओंजळभर गहू बांधून नेला हुता. देवापुढं ठेवला, हात जोडले. म्हणली, आता माझ्या हातानं सोडते, आता शिवूचं बोलणं खोटं न्हाई." त्यांनी वाटीकडं बोट केलं. "वाटी ठेव तिकडं. तिला नको ती."

खिरीवरचं तूप माझ्या बोटांवर आलं होतं. मला काकू दिसेनात, फोटो दिसेना. एवढंच कळत होतं की तो शेवटचा फोन, आणि त्याच्या आधीचे सगळे फोन, परत घे, परत घे म्हणून तू माझ्याशी भांडत होतीस तेव्हा परत घ्यायला काही उरलंच नव्हतं.

"मग मला एकदा तरी सांगायचं न्हाई का?" मी दाजींवर ओरडलो. "सगळा वेळ मला नुसतं भांडवत ठेवलं. का न्हाई सांगितलं तिनं मला?"

दाजींनी चष्मा पुसला आणि डोळ्याला लावला.

"तू गावभर केलं असतंस."